रिटर्नची तारीख वाढवून कोण देतं, आणि तारीख वाढली तरी काय वाढत नाही

जुलैचा शेवटचा आठवडा आला की सीएंचे फोन वाजायला लागतात आणि पलीकडून एकच प्रश्न येतो, "तारीख वाढणार आहे का हो?" २०२५ मध्ये उत्तर होकारार्थी आलं. आयकर रिटर्नची ३१ जुलैची मुदत मे महिन्यातच १५ सप्टेंबरवर गेली आणि १५ सप्टेंबरच्या मध्यरात्रीच्या तोंडावर आणखी एक दिवस मिळाला. त्याआधी २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं एक दिवसही वाढला नव्हता. २०२४ मध्ये ३१ जुलैच्या एका दिवसात ६९.९२ लाखांहून जास्त रिटर्न भरली गेली. वाढीच्या आशेवर शेवटपर्यंत थांबणं आपल्याकडे किती अंगवळणी पडलं आहे, ते या आकड्यातून दिसतं.

ही वाढ नक्की कोण देतं, आपल्यापुरती मागता येते का आणि ती मिळाल्यावर कोणती घड्याळं थांबतात, हे कळलं की त्या आशेवर राहायचं की नाही, ते ज्याचं त्याला ठरवता येईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. खालच्या तारखा आणि आकडे आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या उत्पन्नासाठीचे आहेत आणि कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा २०२५ लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. शिवाय अर्थसंकल्पात तारखाही हलतात. म्हणून तुमच्या वर्षाची तारीख आयकर पोर्टलवर बघूनच पुढे जा.

आधी वर्षांचा घोळ मिटवू

ज्या वर्षात पैसे कमावले ते आर्थिक वर्ष. त्या कमाईचा हिशेब ज्या वर्षात सरकारपुढे मांडला जातो ते कर निर्धारण वर्ष. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ मध्ये कमावलेल्या पैशांचं रिटर्न कर निर्धारण वर्ष २०२५-२६ मध्ये भरायचं. पीक एका हंगामात काढलं आणि बाजार समितीत नेलं पुढच्या महिन्यात, तसंच हे. कर भरताना चलनावर कर निर्धारण वर्ष निवडायच्या जागी चुकून आर्थिक वर्ष निवडलं, की पैसे भरूनही खात्यात बाकी दिसते. दर वर्षी हा गोंधळ होतो.

मुदत सगळ्यांची सारखी नाही

पगारदार, निवृत्तिवेतनधारक, घरभाडं किंवा व्याजावर जगणारे आणि ऑडिट लागत नाही असे छोटे व्यावसायिक यांची कायद्यातली तारीख ३१ जुलै. ज्यांच्या हिशेबाचं ऑडिट सक्तीचं आहे त्यांची ३१ ऑक्टोबर, आणि ऑडिट अहवाल त्याच्या महिनाभर आधी. परदेशी संबंधित कंपन्यांशी व्यवहार करणाऱ्यांची ३० नोव्हेंबर. भागीदारी फर्मचं ऑडिट होत असेल तर तिच्या भागीदारालाही ३१ ऑक्टोबरच मिळते.

इथे गोव्यातल्या वाचकांसाठी एक खास गोष्ट आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पती-पत्नीचं पगाराखेरीजचं उत्पन्न कलम ५-ए खाली निम्मं निम्मं वाटलं जातं. म्हणून पती ऑडिट होणाऱ्या फर्मचा भागीदार असेल, तर त्याच्या पत्नीलाही, ती स्वतः भागीदार नसली तरी, ३१ ऑक्टोबरचीच मुदत लागू होते. अशा जोडप्याची दोन्ही रिटर्न शेजारी ठेवूनच तयार करावीत. एकाच्या रिटर्नमधला अर्धा आकडा दुसऱ्याच्या रिटर्नशी जुळायला हवा.

मग तारीख वाढवतं कोण?

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, म्हणजे सीबीडीटी. कलम ११९ ने या मंडळाला मुदत शिथिल करायचे अधिकार दिले आहेत. पण वाढ मिळते ती एका अख्ख्या वर्गाला. "माझं लग्न आहे, मला पंधरा दिवस द्या" असा अर्ज तारखेआधी करायची सोय आपल्या कायद्यात नाही. एसटी फलाटावर उशिरा लागली तर सगळ्याच प्रवाशांना वेळ मिळतो, पण एकट्याने हात केला म्हणून ती स्थानकात थांबून राहत नाही.

मंडळाला सबळ कारण लागतं. कोविडच्या काळात २०२० ची मुदत टप्प्याटप्प्याने १० जानेवारी २०२१ पर्यंत गेली आणि पुढच्या वर्षाची ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत. २०२५ चं कारण वेगळं होतं. २३ जुलै २०२४ रोजी, म्हणजे वर्षाच्या मधेच, भांडवली नफ्यावरच्या कराचे दर बदलले. त्यामुळे त्या तारखेआधीचा आणि नंतरचा नफा वेगळा दाखवणारे फॉर्म बनवावे लागले, आणि भांडवली नफा असलेल्यांना लागणारे आयटीआर-२ व आयटीआर-३ हे रिटर्न फॉर्म भरायची साधनं जुलैत आली. फॉर्मच हातात नसेल तर ३१ जुलैचा आग्रह धरता येत नव्हता.

कधी न्यायालयाच्या दारातून वाढ येते. ५ जुलै २०२४ पासून पोर्टलने काही प्रकारच्या उत्पन्नावर कलम ८७-ए ची करसवलत घेण्याचा पर्यायच बंद केला. मुंबईतल्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, आणि २० डिसेंबर २०२४ च्या अंतरिम आदेशानंतर उशिराच्या रिटर्नची ३१ डिसेंबरची मुदत १५ जानेवारी २०२५ झाली. ती वाढ फक्त निवासी व्यक्तींना होती. २०२५ मध्ये ऑडिटवाल्यांच्या तारखाही उच्च न्यायालयांच्या आदेशांनंतर हलल्या. अहवाल १० नोव्हेंबरवर गेला आणि रिटर्न १० डिसेंबरवर.

यातली एकही वाढ जाहीर होण्याच्या महिनाभर आधी कुणाला खात्रीने सांगता आली नसती. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या परिपत्रकाच्या फोटोवर कधीही विसंबू नका. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर परिपत्रक क्रमांकासह दिसेल तेच खरं.

मुदत वाढते कागदाची, पैशांची नव्हे

सगळ्यात महाग गैरसमज इथे आहे. रिटर्न म्हणजे हिशेबाचा कागद. कर ही वेगळी गोष्ट आहे आणि त्याची देय तारीख बरीच आधी येऊन गेलेली असते. टीडीएस, म्हणजे पगारातून किंवा व्याजातून आधीच कापलेला कर, वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त होत असेल, तर तो आगाऊ कर म्हणून वर्ष चालू असतानाच भरायचा असतो : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ६० वर्षांवरील निवासी ज्येष्ठांना यातून सूट आहे.

तो भरला नाही, तर कलम २३४-बी खाली १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का व्याज लागतं. रिटर्नची तारीख कितीही पुढे गेली तरी हे मीटर थांबत नाही. ठाण्यातल्या एका स्वतंत्र डिझायनरचा ६०,००० रुपये कर बाकी आहे असं धरू. तिने जुलैत पैसे भरले तर एप्रिल ते जुलै चार महिन्यांचे २,४०० रुपये. "तारीख वाढली आहे" म्हणून सप्टेंबरात भरले तर सहा महिन्यांचे ३,६००. सरकारने दिलेल्या वाढीची किंमत तिला १,२०० रुपये पडली. महिन्याचा एक दिवस जरी उलटला तरी पूर्ण महिना मोजला जातो, हेही लक्षात असू द्या.

दुसरं व्याज कलम २३४-ए चं, तेही दरमहा १ टक्का, पण ते रिटर्नच्या मुदतीनंतर सुरू होतं. मुदत वाढली की हे साधारणपणे वाढीव तारखेपासून मोजलं जातं. तरी परिपत्रक नीट वाचावं लागतं. २०२१ मध्ये ज्यांचा एक लाखाहून अधिक कर बाकी होता, त्यांना या व्याजापुरता मुदतवाढीचा लाभ नव्हता.

म्हणून कागदपत्रं अपुरी असली तरी अंदाजाने कर भरून टाका. पोर्टलवर 'ई-पे टॅक्स'मध्ये सेल्फ असेसमेंट टॅक्स, कोड ३००, निवडायचा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली प्रणय रॉय प्रकरणात स्पष्ट केलं की मुदतीआधी भरलेल्या करावर, रिटर्न उशिरा आलं तरी, २३४-ए चं व्याज लावता येत नाही. सीबीडीटीनेही २०१५ च्या परिपत्रकाने ते मान्य केलं.

"माझा सगळा कर पगारातून कापला गेलाय. उशीर झाला तर माझं काय जातं?"

बहुतेक पगारदार असंच समजतात. कलम २३४-एफ ची लेट फी सगळ्यांना ठाऊक असते : एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये, त्यावर ५,०००. पण खरा फटका करप्रणालीत बसतो. आता नवी करप्रणाली आपोआप लागू होते, आणि जुनी हवी असेल तर ती मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडता येते. उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये तो पर्याय राहत नाही. ऑफिसने वर्षभर जुन्या प्रणालीने टीडीएस कापलेला असला तरीही.

आकड्यांत बघू. पुण्यात भाड्याने राहणारी, १३ लाख वार्षिक पगाराची व्यक्ती. नाशिकला आई-वडील राहतात त्या घराचं कर्ज तिच्या नावावर. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, घरभाडे भत्त्याची सूट १,८०,०००, गृहकर्जाचं व्याज २,००,०००, ८०-सी (पीएफ, विमा अशी बचत) चे १,५०,००० आणि आरोग्यविम्याचे २५,०००. एकूण ६,०७,५०० वजा जाऊन करपात्र उत्पन्न ६,९२,५०० आणि उपकरासह कर ५३,०४०. ऑफिसने तेवढाच कापला, बाकी शून्य.

हीच व्यक्ती १६ सप्टेंबर २०२५ नंतर रिटर्न भरते तेव्हा नवी प्रणाली लागते. फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळून करपात्र उत्पन्न १२,२५,००० होतं आणि कर ८८,४००. फरक ३५,३६०. त्यावर ५,००० लेट फी, म्हणजे ४०,३६० रुपये आणि वर व्याज. एका दिवसाच्या उशिराने एवढं जातं. भरायला काहीच उरलेलं नव्हतं, त्या माणसाचं.

धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असलेल्यांना जुनी प्रणाली हवी असेल तर १०-आयईए हा फॉर्मही मुदतीच्या आत द्यावा लागतो.

शेअर बाजारात बुडालेल्यांनी तर तारीख चुकवूच नये

उत्पन्नच नाही, उलट तोटा झाला, मग रिटर्न कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण भांडवली तोटा किंवा धंद्यातला तोटा (फ्युचर्स-ऑप्शन्सचा तोटा धंद्यातच मोडतो) पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो तो रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. यंदा ३ लाखांचा अल्पमुदतीचा तोटा नोंदला आणि दोन वर्षांनी तेवढाच नफा झाला, तर २० टक्के दराने उपकरासह ६२,४०० रुपये वाचतात. तारीख चुकली की तो तोटा कर हिशेबातून गेला. घराच्या सदरातला तोटा याला अपवाद आहे, तो उशिराच्या रिटर्नमध्येही पुढे नेता येतो.

रिफंड असेल तर त्यावरचं व्याजही घटतं. वेळेत भरलं तर दरमहा अर्धा टक्का १ एप्रिलपासून मिळतं, उशिरा भरलं तर भरल्याच्या तारखेपासून.

३१ डिसेंबरही गेला तर?

उशिराचं रिटर्न या वर्षासाठी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येत होतं. त्यानंतर उरतं अपडेटेड रिटर्न. ते कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत, म्हणजे या वर्षाचं ३१ मार्च २०३० पर्यंत भरता येतं. मात्र कर आणि व्याज यांच्या बेरजेवर जादा कर द्यावा लागतो : पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ पर्यंत ५०, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७०. ते सरकारला जास्त कर द्यायचा असेल तरच चालतं. रिफंड मागायला किंवा तोटा दाखवायला ते वापरता येत नाही.

रिफंड अडकलाय आणि सगळी दारं बंद : इथे मात्र अर्ज करता येतो

एकट्याला मुदत वाढवून मिळत नाही, असं वर म्हटलं. उशीर होऊन गेल्यावर मात्र एक दार उघडं असतं. कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफ करण्याचा अर्ज, म्हणजे कंडोनेशन. रिफंडसाठी आणि तोटा पुढे नेण्यासाठी तो करता येतो.

१ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने याचे नियम एकत्र केले. दावा १ कोटीपर्यंत असेल तर निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्तांकडे, ३ कोटींपर्यंत मुख्य आयुक्तांकडे, त्यावर प्रधान मुख्य आयुक्तांकडे. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज हवा. निकाल शक्यतो सहा महिन्यांत द्यावा, असं परिपत्रकच सांगतं. मिळालेल्या रिफंडवर व्याज मात्र मिळत नाही.

अर्जात दोन गोष्टी पटवून द्यायच्या असतात : दावा खरा आहे, आणि तो नाकारला तर तुमच्यावर खरोखर अन्याय होईल. "कामात होतो", "नियम माहीत नव्हता" याने काम होत नाही. रुग्णालयाचं भरती आणि सुटीचं कार्ड, घरातल्या मृत्यूचा दाखला, पुरात कागद गेल्याचा पंचनामा, असे तारखेनिशी पुरावे लागतात. आजारपणाच्या तारखा आणि मुदतीची तारीख जुळायला हव्यात. जूनमध्ये पाय मोडला आणि ऑगस्टमध्ये बरा झाला, तर सप्टेंबर ते डिसेंबर काय करत होतात, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर अर्जातच लिहा. सोबत उत्पन्नाचा हिशेब, फॉर्म २६-एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा पोर्टलवरचा उतारा) आणि बँक खात्याचा उतारा जोडा.

आदेश बाजूने आला म्हणजे काम झालं, असं समजून कित्येक जण थांबतात. आदेशाने फक्त दार उघडतं. त्यानंतर रिटर्न भरताना ११९(२)(बी) हा पर्याय निवडून आदेशाचा क्रमांक आणि तारीख घालावी लागते.

"अमेरिकेत तर मागितली की मुदत मिळते"

न्यू जर्सीतल्या भावाने हे सांगितलं असेल तर तो खरं सांगतोय. तिथे फॉर्म ४८६८ दिला की १५ एप्रिलऐवजी १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो, कारण न सांगता. पण तिथेही कराचे पैसे १५ एप्रिललाच भरायचे असतात, नाहीतर दंड आणि व्याज लागतं. आणि त्या भावाचा पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला असेल, तर त्या भाड्याच्या भारतीय रिटर्नला अमेरिकेतली वाढ उपयोगी नाही, इथली तारीखच लागू होते. उलट दिशेने मात्र फायदा होतो. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. भारतात भरलेल्या कराची वजावट तिथे मागायची तर इथला पक्का आकडा एप्रिलपर्यंत क्वचितच हाती येतो, त्यामुळे ४८६८ तिथल्या मराठी कुटुंबांना कामाचा ठरतो.

शेवटच्या रात्री पोर्टल अडकलं तर

संध्याकाळी सातनंतर पोर्टल संथ झालं तर आधी कर भरून चलन मिळवा. मग दिसणाऱ्या एररचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या आणि पोर्टलवरच तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. पुढे विलंबमाफीचा अर्ज करायची वेळ आली तर हाच तुमचा पुरावा.

एखाद्या बँकेचं व्याज प्रमाणपत्र येणं राहिलं म्हणून संपूर्ण रिटर्न अडवून ठेवू नका. एआयएसमधला (पोर्टलवरच्या तुमच्या वार्षिक माहिती पत्रकातला) आकडा बघून, हातात आहे त्या माहितीवर प्रामाणिकपणे वेळेत भरा. या वर्षासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न देता येत होतं, आणि मूळ रिटर्न वेळेत असल्याने जुनी प्रणाली व तोटा दोन्ही शाबूत राहतात.

आणि 'सबमिट' दाबून झोपायला जाऊ नका, कारण ई-व्हेरिफिकेशन बाकी असतं. भरल्यापासून ३० दिवसांत आधार ओटीपी, नेट बँकिंग किंवा डिमॅट खात्यातून ते करायचं. तिसाव्या दिवसानंतर केलं तर व्हेरिफिकेशनची तारीखच रिटर्नची तारीख धरली जाते. म्हणजे ३० जुलैला भरलेलं रिटर्न सप्टेंबरात व्हेरिफाय केलं आणि मुदत ३१ जुलैचीच असली, तर ते उशिराचंच ठरतं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडला असेल तर आयटीआर-व्ही ची, म्हणजे रिटर्न भरल्याच्या पोचपावतीची, प्रत छापून सही करा आणि स्पीड पोस्टने बेंगळुरूच्या केंद्राकडे पाठवा. ती ३० दिवसांत तिथे पोचायला हवी, म्हणून टपालाचे दिवस धरून पहिल्या आठवड्यातच टाका आणि पोस्टाची पावती फाइलला लावा.